खंडेनवमीची कानस

इंग्रज साहेब जाताना विकून गेला ती दोन सीटांची लाल रेसची गाडी हिंगणघाटच्या जिनिंगवाल्या शेटजींनी नव्याने उभी करायला दिली, ती नत्थू मिस्त्रीकडे. त्याच गॅरेजात उभी जवानी घालवलेल्या गुलाबच्या पोटात तेव्हापासून दुखत होतं. नत्थूशी तो बोलेनासा झाला होता.

खंडेनवमीला नत्थूने अवजारं धुऊन पाटावर मांडली आणि मुंबईहून मागवलेला स्टिअरिंगच्या दांड्याभोवती भोकात घट्ट बसणारा पितळी बुशही त्यांतच ठेवला. पूजा झाली. आता उद्यापर्यंत अवजाराला हात लावायचा नाही, म्हणून सगळे घरी गेले. गुलाब तेवढा मागे रेंगाळला. त्याने कुंकू लागलेली कानस उचलली, मनातल्या मनात देवीची माफी मागितली आणि बुश बाहेरून गोल घासून काढला. उद्या तो भोकात सैल पडून खुळखुळला की नत्थूची शोभा होणार, या आनंदात त्याने झेंडूचं फूल पुन्हा जागच्या जागी ठेवलं.

दसऱ्याला सकाळीच शेटजी आले. नत्थूने बुश अंगठ्याने दाबला, आणि तो सरकत जाऊन घट्ट बसला. नत्थूचे डोळेच भरून आले.

"शेटजी, हा जाडा निघाला होता, जाऊनच नाई राह्यला होता. लाजेपायी कोणाले बोललो नाई, अन् महागाच्या मालावर कानस माराची हिंमत नाई झाली. काल देवीपुढं ठेवला, तिनंच बसवून देला."



शेटजींनी तिथेच नत्थूला फेटा बांधायला घेतला, आणि कापडाचं दुसरं टोक धरायला गुलाबला बोलावलं.