एका दाराच्या तीन रुंद्या

"एका दाराच्या तीन रुंद्या?" गणिताच्या सरांनी वही टेबलावर आपटली. "हे दार आहे की तुमान? वर ढगळ, खाली तंग!"

वर्ग फिदीफिदी हसला. सरांना पोरं पाठीमागे 'वजाबाकी' म्हणत. ह्या माणसाने आयुष्यात कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नव्हता. त्यात यंदा हुकूम आला, दहावीला व्यवहारातलं गणित शिकवा, पोरांना टेप धरता आली पाहिजे. सरांचं टाळकंच सरकलं. "मोजमाप शिकायला बाजार पडलाय, शाळा कशाला?" असं येईल-जाईल त्याला ऐकवत फिरायचे. पण हुकूम तो हुकूम. प्रयोगशाळेचं जुनं दार काढून ठेवलं होतं. त्याची रिकामी चौकट त्यांनी पोरांना मोजायला लावली.

एकोणचाळीस पोरांनी लिहिलं, सत्त्याहत्तर सेंटीमीटर. चाळिसावी मिस्त्रीची पोरगी. तिने लिहिलं, वर तीस इंच तीन सूत, मधे तीस इंच दोन सूत, खाली एकोणतीस इंच सहा सूत.

"आणि हे सूत काय? इथे गोधड्या शिवतोय का आपण?"

"इंचाचे आठ भाग करायचे, सर. त्यातला एक म्हणजे सूत. सुतारकामात तसंच बोलतात."

"तुझं आणि गणिताचं सूत ह्या जन्मात जुळायचं नाही. वीसपैकी शून्य!"

शून्य म्हणजे नुसती नाचक्की नव्हती. ह्या वीस मार्कांत नापास झालेल्याला शेवटच्या परीक्षेला बसता येत नव्हतं. पोरीचे कान लाल झाले, पण ती खाली बसली नाही.

"चौकट कधीच सरळ नसते, सर. तीन ठिकाणी मोजायची आणि सगळ्यात कमी भरेल ते धरायचं. नाहीतर दार बसत नाही. बाबा सांगतात."

"असं? मग आण त्या बाबांना. बघू दे तरी!"

आणायला लांब जायचं नव्हतं. शाळेची बावीस दारं वाळवीने खाल्ली होती. मोठ्या बाई मिस्त्रीला घेऊन व्हरांड्यातच फिरत होत्या, काम ह्याला द्यावं की नाही ते ठरवत. आरडाओरडा ऐकून दोघं आपणहून प्रयोगशाळेपाशी आले. मागोमाग सर आले. सरांच्या मागे सगळा वर्ग.

पोरीला घोर लागला. शून्याचा नव्हे, बापाचा. गेल्या वर्षी बापाची दोन कपाटं गिऱ्हाइकाने परत पाठवली होती, भिंतीत बसली नाहीत म्हणून. बापाचा हात अजून पक्का होता, रंधा मारला तर आरसा व्हायचा. पण टेपवरच्या रेघा नि आकडे त्याला धड दिसेनासे झाले होते. चष्म्याने भागण्यातलं नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. तेव्हापासून मापं पोरगी घ्यायची. ही गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. माप न दिसणाऱ्या मिस्त्रीला काम कोण देणार?

"या मिस्त्री," सर म्हणाले. "लेकीला काय दिवे लावायला शिकवलंय ते बघू. खालचं माप घ्या. तिथेच तर हिने अक्कल पाजळलीय."

"मी घेते, बाबा," पोरगी पुढे झाली.

"तू मागे हो! तुझं बघून झालंय."

मिस्त्री उकिडवा बसला. टेप लावली, नाकाजवळ नेली, अंगठ्याने चाचपली. घसा खाकरला.

"तीस इंच सहा सूत."

सरांनी टाळीच वाजवली. "घ्या! लेक म्हणते एकोणतीस, बाप म्हणतो तीस! एकाच घरात दोन-दोन मापं!"

पोरं खिदळली. बाई मात्र हसल्या नाहीत. "मिस्त्री, इंचभर चुकलं तर दार चौकटीत तरी जाईल का? नक्की चुकतंय कोण?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. त्याच्या आधी पोरगी बोलली.

"मी चुकले, बाई. बाबांचं बरोबर आहे."

"अगं पण..." मिस्त्री पुटपुटला.

"घाईत वाचलं मी, सर. शून्यच द्या."

आता सरांनी नाचायला हवं होतं. पण दुसऱ्याने सोडवलेलं गणित तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गुडघे कडाकडा मोडत ते खाली बसले. मिस्त्रीच्या हातातली टेप हिसकावली आणि चौकटीला लावली.

एकोणतीस इंच. पुढे सहा बारीक रेघा.

त्यांनी परत लावली. तेच. मान वर करून त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीची नजर टेपवर नव्हतीच, समोरच्या भिंतीवर होती. त्याचा अंगठा नुसताच बोटावर घासत होता, जणू टेप अजून हातातच आहे. मग सरांनी पोरीकडे पाहिलं. ती अशी बघत होती, की ह्या माणसाने एक शब्द काढला तर चावेल.

"किती भरलं, सर?" बाईंनी विचारलं.

सर उठले. पँटची धूळ झटकली. आवाज होता तेवढाच खडूस.

"माप सांगतो नंतर. काम मिस्त्रींनाच द्या, बाई. आणि ही पोरगी माझ्या वर्गात उलट बोलली, तिला शिक्षा आहे. बावीसच्या बावीस दारं एकटीने मोजायची, प्रत्येक दार तीन ठिकाणी. त्यालाच वीस मार्क. एक सूत चुकलं की एक मार्क गेला." टेप त्यांनी पोरीच्या हातात कोंबली आणि मिस्त्रीवर बोट रोखलं. "आणि तुम्ही हो! ह्या टेपला नुसता हात जरी लावलात, तरी हिचे मार्क कापीन!"