तिसरं पेडल

ते पत्र मिस्त्रींनी बॅटरीच्या रिकाम्या खोक्याखाली सारून ठेवलं होतं. आता ते आठवून त्यांचे कान तापले, कारण पत्र लिहिणारे गृहस्थ स्वतःच गाडी घेऊन गॅरेजच्या दारात उभे होते.

"मी तुम्हाला एक पत्र पाठवलं होतं," ते म्हणाले.

"हो, मिळालं," मिस्त्री पुटपुटले. उत्तर लिहायला ते बसलेही होते. पण हातात पेन आलं की चढावर गाडी बंद पडावी तशी त्यांची गत व्हायची.

पत्रात दोनच प्रश्न होते. ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स काढून तिथे हाताने गिअर टाकायचा बसवता येतो का? आणि ज्याचा पाय जन्मात क्लचवर पडलेला नाही, अशा माणसाला मग ती गाडी फाटकाबाहेर काढता येईल का?

मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता.

"लांबून आलात?"

"नाही हो. पुलापलीकडेच राहतो."

"लोक उलटं काम घेऊन येतात. गुडघे कुरकुरायला लागले की क्लच नको म्हणतात. तुमची गाडी तर लोण्यासारखी चालतेय. तिला कशाला हात लावायचा?"

गृहस्थांच्या हातात एक पुस्तक होतं, मध्ये बोट घातलेलं. ते त्यांनी छातीशी धरलं.

"घरातलं एक माणूस हल्ली वाटा विसरतं. गाडी चालवायला मात्र विसरत नाही. मागे असंच बाहेर पडलं आणि कुठल्या कुठे सापडलं. कुणाच्या अंगावर गाडी गेली नाही, हे नशीब. किल्ली लपवली तर घर पालथं घालतं. गाडी विकावी तर दवाखाना लांब."

"तुमच्या घरात क्लचची सवय आहे ना कुणाला?"

"एकाला आहे. तेवढं पुरे."

बायकोला 'घरातलं माणूस' म्हणणारे पुष्कळ जण मिस्त्रींच्या ओळखीचे होते. त्यांनी जास्त खोलात शिरायचं टाळलं.

भंगारवाल्याकडे याच गाडीचा, हाताने गिअर टाकायचा भाऊ मिळाला. त्याचा गिअरबॉक्स, पेडलं, क्लच, सगळं मिस्त्रींनी उतरवून आणलं. जुना गिअरबॉक्स खाली घेतला तेव्हा त्याचं तेल अजून स्वच्छ, लालभडक होतं. चांगल्या धडधाकट माणसाला निवृत्त केल्यासारखं त्यांना वाटलं.

गृहस्थ अधूनमधून पायी येत. दारातच थांबून म्हणत, "मी तुम्हाला एक पत्र पाठवलं होतं."

पहिल्यांदा मिस्त्री ओशाळले. दुसऱ्यांदा त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यानंतर ते गाडीखालून बाहेरच यायचे नाहीत.

"किती टोमणे मारावेत माणसाने!" ते बायकोला म्हणाले. गॅरेजमधला फोन आणि पावत्या ती सांभाळायची.

"मग दोन ओळी खरडा की. हात झिजतील का?"

"सगळं तोंडी सांगितलंय त्यांना."

"त्यांना लेखी हवंय. शिकलेला माणूस आहे." ती जरा थांबली. "मला त्या बाईचं वाईट वाटतं. आपल्याच गाडीत बसायचं, आणि पायाशी हे भलतंच काहीतरी. तिला विचारलं तरी का कुणी? उद्या मी विसरायला लागले तर मलाही असंच कोंडाल?"

"तुला कोंडायला एक गिअरबॉक्स पुरायचा नाही."

ती हसली नाही. मिस्त्रींनाही ते बोलणं झोंबलं. पण रस्त्यावरची पोरं डोळ्यांसमोर येत. शेवटी त्यांनी आपणहून एक जादा स्विच बसवला. क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. करायचंच तर काम चोख करावं.

गाडी न्यायला नवरा-बायको दोघंही टॅक्सीने आली. बाई ठेंगण्या, ताठ पाठीच्या. त्यांनी हसून पाहिलं, तेव्हा मिस्त्री उगाच फडक्याने हात पुसत राहिले.

"मी तुम्हाला एक पत्र पाठवलं होतं," गृहस्थ म्हणाले. "दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय."

"आत्ता सांगतो ना."

"नको, लिहूनच पाठवा. बोललेलं हवेत जातं. समोर कागद असला की माणूस हट्ट करत नाही."

मिस्त्रींच्या बायकोने जीभ चावली. बाई शेजारी उभ्या असताना हे बोलावं! मिस्त्रींनी घाईघाईने किल्ली गृहस्थांपुढे धरली.

गृहस्थांनी ती घेतली नाही. पुस्तक दोन्ही हातांनी धरून ते गाडीला वळसा घालून गेले आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. किल्ली बाईंनी घेतली. सीट पुढे ओढली, तिसरं पेडल तळापर्यंत दाबलं, गिअरचा दांडा हलवून पाहिला. "क्लच छान हलका ठेवलात हो," त्या म्हणाल्या, आणि फाटकाजवळच्या चढावरून एकही हिसका न देता गाडी बाहेर पडली. मिस्त्रींना तो तळाला टेकलेला पेट्रोलचा काटा आठवला. मग आत जाऊन त्यांनी बायकोकडून पेन मागून घेतलं. या वेळी ते कुठेच अडले नाहीत. कोपऱ्यावरच्या पेटीत त्यांनी कार्ड टाकलं, तेव्हा त्यावर एवढंच होतं: 'आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तुम्हाला ती बाहेर काढता येणार नाही.'