गुणाजीचं जेवण

"आधी गुणाजीला जेवू दे," आबा रोज म्हणायचे आणि माझा प्रत्येक घास टक लावून बघायचे. आई चिडायची, "अहो, तुम्हीही बसा की!" पण मी हात धुतल्याशिवाय त्यांनी कधी भाकरी मोडली नाही.

आबा गेल्यावर, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना जिथे युद्धकैदी म्हणून राबवलं ती छावणी शोधत मी न्यू गिनीला पोचलो. तिथे नुसतं गवत होतं. गावातला म्हातारा म्हणाला, "माझा बाप सांगायचा, एक कैदी आपला भात आजारी दोस्ताला भरवायचा. दोस्त जगला, पण भरवणारा उपासमारीने मेला."

त्याने वेल बाजूला करून एक दगड दाखवला. त्यावर आबांच्या वळणाचं अक्षर कोरलेलं होतं: गुणाजी.

मी डबा उघडून दगडापुढे ठेवला. भूक लागली होती, पण त्याचं जेवण होईपर्यंत थांबलो.