ताटाशेजारचं पिस्तूल

जेवायला बसला की तो पिस्तूल ताटाशेजारी ठेवायचा. “मीठ कमी आहे,” एवढंच म्हणायचा. बायको धावत मीठ आणायची.

आज तो अंघोळीला गेला, तशी त्याच्या आईने पिस्तूल पिशवीत घातलं, सुनेचा हात धरला आणि तडक पोलीस चौकी गाठली.

“माझ्या मुलाचं आहे. लायसन्स रद्द करा.”

“त्याने कधी गोळी झाडलीय का?” हवालदाराने विचारलं. सुनेने नाही म्हणून मान हलवली. “मग आजी, पोटच्या पोराची तक्रार कशाला करताय?”

म्हातारीने बाही वर सरकवली. दंडावर जुन्या जखमेचा खोल खड्डा होता.

“ह्याच्या बापाने झाडली होती. माझी सासू तोवर गप्प बसली होती.”