हातभर अंतर

थोबाडीत बसली तसा सुलभा सिस्टरच्या हातातला गोळ्यांचा ट्रे खाली पडला. मागे न सरता तिने शेवंताकाकूंची दोन्ही मनगटं धरली, घट्ट पण न दुखवता, आणि त्यांना खाटेवर बसवलं.

“सकाळपासून किती शहाण्यासारख्या होतात काकू. मधेच काय झालं?”

काकू लगेच निवल्या. “सोडू नकोस गं इतक्यात.”

“म्हणजे पुन्हा माराल?”

“न मारता कोण धरतंय मला? गोळी लांबूनच टाकता हातावर. ताटसुद्धा सरकवता.”

मारकुट्या पेशंटपासून हातभर लांब राहायचं, हे नव्या मुलींना सुलभाच शिकवायची. तिची पकड आपोआप सैल झाली. काकूंचे खरखरीत, गार हात तिने आपल्या ओंजळीत घेतले. काकूंनी डोळे मिटले.

तेवढ्यात वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी किंचाळलं. अख्ख्या वॉर्डाला आज ती एकटीच होती.

“आलेच हं,” म्हणत तिने ते हात हलकेच काकूंच्या मांडीवर ठेवले आणि ती धावली.

जाता जाता वळून पाहिलं, तर काकूंनी शेजारच्या बाईवर हात उगारला होता. नजर मात्र सुलभाकडेच होती.