एक नवा, एक नष्ट

प्लॅनची शेवटची ओळ विनुताने तिसऱ्यांदा वाचली. एक नवा, शून्य बदल, एक नष्ट.

काम साधं होतं. डायलिसिसची केंद्रं चालवणाऱ्या ट्रस्टच्या डेटाबेसचं जुनं नाव ‘टॅन्जोर’, ते ‘तंजावूर’ करायचं. दुपारी तीनला केंद्रावर नवी पाटी लागणार होती आणि देणगीदार गाडीतून यायला निघाले होते. पाटीवर एक नाव आणि कॉम्प्युटरात दुसरं, हे कोणाला तरी खटकलं होतं. एवढंच.

सर्व्हर कसे हवेत ते फायलीत लिहायचं. ती वाचून सर्व्हर उभारणारं टूल आधी प्लॅन दाखवतं: हे उभारीन, हे बदलीन, आणि लाल उणे चिन्हापुढे, हे पाडीन. तुम्ही ‘येस’ लिहिलंत की करून मोकळं होतं. विनुताने फायलीत नाव बदललं. टूलला स्पेलिंग कळत नाही. त्याला इतकंच कळलं, की टॅन्जोर नावाचं काही आता नको आणि तंजावूर नावाचं काही नवं हवं. नवं म्हणजे रिकामं. पापनाशम, ओरत्तनाडु आणि इथल्या मिळून तीनशे बारा माणसांचं वजन, रक्त, औषधं, सगळं एका लाल उणे चिन्हामागे.

वीज गेली होती. पंखा बंद, लॅपटॉप बॅटरीवर. सकाळी सहापासून ती त्याच खुर्चीत होती, आणि या आठवड्यात बदलायचं हे चौथं नाव होतं.

आतल्या खोलीत अप्पा सदरा घालत होते. सीतारामराव, मंगळवार आणि शुक्रवार, चार नंबरची खुर्ची. आज शुक्रवार. डेटाबेसमधल्या त्यांच्या पानावर वरच लिहिलेलं: हेपारिन देऊ नये. रक्त गोठू नये म्हणून बाकी सगळ्यांना देतात ते औषध. अप्पांना एकदा दिलं आणि सतरा दिवस दवाखान्यात काढावे लागले.

तिने रमणला फोन लावला. रमण म्हणजे तिचा वरिष्ठ, देणगीदारांबरोबर त्याच गाडीत. सकाळी तिने लाल ओळ दाखवून प्लॅन त्याच्याकडे पाठवला होता. दीडशे ओळी. चार सेकंदांत अंगठ्याचं चित्र आलं, मंजूर. पूर्वी लिहिता येत नसे ते अंगठा द्यायचे. आता इंजिनिअर देतात.

“सर, एक नष्ट आहे. तो आपला चालू डेटाबेस आहे.”

“सरि.”

बॅकअपही त्याच्याबरोबर जातील, ती म्हणाली. पुसण्यावरचं कुलूप मागच्या महिन्यात तुम्हीच काढायला लावलंत, कामात आडवं येतं म्हणून.

“सरि, सरि.”

तमिळमध्ये सरि म्हणजे बरोबर. सरि म्हणजे ठीक आहे. सरि म्हणजे ऐकलं, आता फोन ठेव. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतली मराठी घरंही हा शब्द दिवसातून शंभरदा वापरतात, आणि त्यातले नव्वद तिसऱ्या अर्थाचे असतात.

“सर, सरि म्हणजे बरोबर, की सरि म्हणजे ऐकलं?”

गाडीत कोणीतरी हसलं. फोन स्पीकरवर होता. रमणही हसला आणि गाडीतल्यांना म्हणाला, आमची विनुता फार काळजी करते. तिने सांगितलं, एकच ओळ घालावी लागेल: वस्तू जुनीच, नाव नवं. दहा मिनिटांचं काम. तो म्हणाला, मंजूर फायलीला हात लावू नकोस, पुन्हा मंजुरी मी सोमवारीच देईन, आणि हे टूल नेहमीच घाबरवतं.

अप्पा काठी टेकत दाराशी आले. स्क्रीनवरचं लाल नाव त्यांनी वाचलं.

“माझ्या दाखल्यावर अजून टॅन्जोरच आहे गे,” ते म्हणाले. “मलाही काढतात काय?”

विनुताच्या कानाला फोन होता. हातानेच त्यांना बसायला सांगितलं.

फोनमध्ये रमणचा आवाज चढला. “मी सरि म्हटलं ना? मग टाक, आणि तीनच्या आत संपव.”

टूल थांबलं होतं. खाली लिहिलेलं, फक्त ‘येस’ चालेल. विनुताने कपाळावरचा घाम पुसला आणि रमणचा शब्द जसाच्या तसा टाकला. एस, ए, आर, आय. एंटर.

रद्द, टूलने लिहिलं. काहीही बदललेलं नाही.

“झालं?” रमणने विचारलं.

“तुम्ही म्हणालात तेच टाकलं, सर. त्याला त्याचा अर्थ लागत नाही.”

ती ओळ घालून नवा प्लॅन पाठवते, विनुता म्हणाली. यावेळी वाचा. चार नंबरच्या खुर्चीवर आज माझा बाप बसणार आहे.

रमणने फोन स्पीकरवरून काढला, गाडीतले आवाज तुटले.

“सरि,” रमण म्हणाला.