जिन्यातली हाक

"तिच्या खोलीकडे जाताना जिन्यातूनच हाक मारायची," मावशीने वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना तिसऱ्यांदा सांगितलं. "एकदम दारात जाऊन उभं नाही राहायचं. तिची 'ओ' आली की मगच पुढे."

"अहो, साठ मुली आहेत माझ्याकडे. हाका मारत बसले तर घसाच बसेल माझा." रेक्टरबाई हसल्या, पण वहीत लिहून घेतलं.

ठकी बॅगेचा पट्टा पिळत उभी होती. सतरा वर्षांची घोडी झाली, तरी मावशीसाठी ठकीच.

"मावशी, पुरे ना."

"तू गप्प बस. यांना ठाऊक असायला हवं."

ठकीला बाहेर पिटाळून मावशीने खालच्या आवाजात बाकीचं सांगितलं. दहा वर्षांपूर्वी मावशीची बहीण, म्हणजे ठकीची आई, घरात एकटी असताना गेली. गॅस गळत राहिला होता. ठकी शाळेत होती. मावशी सहज भेटायला गेलेली. हाका मारून दमली आणि शेवटी तिनेच दार उघडलं. त्या संध्याकाळी शाळेच्या फाटकातून ठकीला तिने परस्पर आपल्या घरी आणलं, ते आजतागायत.

"तेव्हापासून पोरीने धसका घेतलाय. बोलत नाही, पण मला कळतं ना! म्हणून कामावरून आले की मी दुसऱ्या मजल्यावरून ओरडते, 'ठकेऽ, आले गं!' तिची ओ आली की तिसरा चढते. दहा वर्षांत एक दिवस चुकले नाही."

"आणि ओ नाही आली तर?"

"एकदाच झालं तसं. न्हाणीघरात होती, ऐकूच गेलं नाही. पाऊण तास पायरीवर बसून राहिले. एकदम गेले आणि दचकली तर?"

"पाऊण तास?" रेक्टरबाईंनी चष्मा काढला आणि मावशीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मावशीचं लक्ष चष्म्याकडे. "दांडी सैल झालीय. द्या इकडे." ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. पर्समधला बोटभर स्क्रूड्रायव्हर काढून तिने इवलासा स्क्रू आवळून दिला. "आता नाकावरून घसरणार नाही. माझ्या पोरीला मात्र सांभाळा."

फाटकाशी ठकीने तिला घट्ट मिठी मारली. "घरी पोचलीस की हाक मार हं."

"कुणाला? भिंतींना?"

"मार तर खरी."

बसमध्ये मावशीला एकच घोर होता. पोरीचं तिथे कसं व्हायचं? पहिल्याच आठवड्यात रडत परत आली तर शिकणं राहिलंच.

इमारतीत शिरताना तिने ठरवलं, आज हाक नाही. रिकाम्या घराला हाका मारणारी बाई म्हणून लोक हसायचे. पहिला मजला ती चढली. दुसऱ्यावर पाय अडले. तळहात ओले झाले, पिशवी निसटायला लागली. पोरगी गेली की असं व्हायचंच, तिने स्वतःची समजूत घातली आणि पायरीवर बसली. बराच वेळ बसली. मग, वेडी गं वेडी, असं पुटपुटत तिने हाक मारलीच.

"ठकेऽ, आले गं!"

"ओऽ! या वर!"

मावशी भराभरा चढली. तिचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याशी शेजारच्या शिवणवाल्या काकू मांडीवर कुणाचा तरी सदरा घेऊन बटणं लावत बसल्या होत्या.

"तुम्ही? इथे?"

"किल्ली दिलीय तुमच्या ठकीने. माझ्या घरी उजेड कमी, तेव्हा रोज इथेच बसणार आहे मी संध्याकाळची. चालेल ना?" काकू दोरा दातांनी तोडत उठल्या. "बसा, पाणी आणते. किती घाम आलाय!"

बटणांच्या डब्याखाली वहीचा एक कागद दुमडलेला होता. अक्षर ठकीचं. मावशीने चष्मा चढवला.

'काकू, दुसऱ्या मजल्यावरून हाक येईल. हातातलं टाकून लगेच ओ द्या. ओ ऐकल्याशिवाय मावशीला वर येववत नाही. आणि ती हे माझ्यासाठी करते असं तिला वाटतं, ते तसंच राहू दे.'